शुक्रवारची हजेरी

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत आमच्या संस्थेचा वाचनवर्ग चालतो, सकाळी नऊ ते अकरा, दुपारच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. महिन्याची सरासरी हजेरी कायम चांगली यायची म्हणून त्या वर्गाकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं, मीही नाही. गेल्या वर्षी एकदा मी तीच हजेरी महिन्याऐवजी वाराप्रमाणे लावली आणि मुली-मुलगे वेगळे केले, तर शुक्रवारी मुलींचा रकाना जवळजवळ रिकामा. बरं, प्रत्येक शुक्रवारी नाही, काही शुक्रवारीच. मी सण लावून बघितले, आठवडी बाजार लावून बघितला, उपवास, शाळेच्या परीक्षा, काहीच जुळेना. शेवटी वर्ग घेणाऱ्या ताईंना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "अहो गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी नळ उशिरा येतो ना, आणि आमच्या वरच्या गल्लीत तर धार अगदीच बारीक. आया कामावर गेलेल्या असतात, मग पोरीच हंडे लावून बसतात."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "तुम्ही आकडा मागता, मी आकडा पाठवते. का ते कोणी विचारलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाहीये आणि ही सगळी पोस्ट त्यातूनच आलीये.

आम्ही नंतर एवढंच केलं की महापालिकेची गुरुवारच्या पाणीबंदची बातमी आली की त्या आठवड्यातला शुक्रवारचा वर्ग शनिवारी दुपारी घ्यायचा. एक रुपया लागला नाही, मुली यायला लागल्या. तो आकडा वर्षानुवर्षं आमच्याकडेच होता, ताई रोज भरत होत्या, मी दर महिन्याला एकत्र करत होते, ऑफिसमधून फंडरला, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेला, जात होता, आणि ज्या ताईंना त्याचा अर्थ माहीत होता त्यांच्याकडे तो एकदाही परत गेला नव्हता. आपल्या सामाजिक संस्थांच्या क्षेत्रात डेटा खालून वर जातो आणि वरच राहतो. मला वाटतं आपल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे, सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं हा प्रश्न खूप नंतरचा. कोबो (मोबाइलवर माहिती भरायचं ॲप) वापरा, गूगल फॉर्म वापरा, साध्या वहीत लिहा, माहिती भरणाऱ्या माणसाला ती परत बघायला मिळत नसेल तर काही उपयोग नाही.

आता 'लाभार्थी संख्या' घ्या. एकच मूल सकाळी वाचनवर्गाला येतं, संध्याकाळी गणिताला, आणि शनिवारी आरोग्य तपासणीला. तीन प्रोजेक्ट, तीन फंडर, तीन रिपोर्ट, म्हणजे तीन लाभार्थी. वर्षाअखेरीस सगळ्यांची बेरीज होते आणि माहितीपत्रकावर तो मोठा आकडा छापला जातो. कोणी खोटं बोललेलं नसतं, प्रत्येक रिपोर्ट आपापल्या जागी खरा असतो, पण बेरीज चुकीची असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मुलाला एक नंबर द्यायचा आणि तोच सगळीकडे वापरायचा. आम्ही तो दिला तेव्हा आमचा एकूण आकडा चांगलाच खाली आला आणि दोन मीटिंगा फक्त 'आता फंडरला काय सांगायचं' यावर गेल्या. सांगितलं, सरळ. त्यांनी ऐकूनही घेतलं.

(नंबर देताना एक सांभाळा, आधार नंबर वापरू नका आणि मुलांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती आपल्याकडे विश्वासाने दिलेली माहिती आहे.)

दुसरी गोष्ट बेसलाइन-एंडलाइनची, म्हणजे कामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचणीची, आणि याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे आपण नकळत स्वतःलाच फसवतो. समजा जूनमध्ये वर्गात ४० मुलं आहेत आणि त्यातली १० गोष्ट वाचू शकतात, म्हणजे २५ टक्के. फेब्रुवारीत चाचणी घेतली (फेब्रुवारीतच, कारण ३१ मार्चला पैशाचं वर्ष संपतं आणि रिपोर्ट त्याच्या आत हवा असतो, मुलांचं शाळेचं वर्ष अजून चालू असलं तरी), तेव्हा २८ मुलं उरली आहेत आणि १४ गोष्ट वाचतात, म्हणजे ५० टक्के. ग्राफ काढला की दुप्पट. छान दिसतो. पण गेलेली १२ मुलं कोण होती? बहुतेक वेळा तीच, जी अक्षरांवर अडकलेली होती, ज्यांच्या घरचं भाडं वाढलं म्हणून खोली बदलली, ज्यांच्या वडिलांची साइट संपली आणि कुटुंब पुढच्या साइटवर गेलं, किंवा परत लातूर-नांदेडकडे गावाला गेलं. जूनमध्ये गोष्ट वाचणारी १० जणं या २८ मध्येच असतील तर खरी भर किती पडली, तर ४ मुलांची. ४ मुलं वाचायला लागली ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती 'दुप्पट' नाहीये. आणि गेलेल्या १२ जणांबद्दल रिपोर्टमध्ये एक ओळसुद्धा नसते, आपण ज्यांच्यासाठी काम सुरू केलं ती खरं तर तीच मुलं असतात.

म्हणून आता आम्ही दोन्ही आकडे देतो, नावानिशी जुळवलेल्या मुलांचा एक आणि जूनच्या सगळ्या मुलांवर काढलेला एक, आणि खाली किती गेली, कुठे गेली, किती जणांचा पत्ताच लागला नाही ते लिहितो. ही ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मोजायचं कसं याबद्दल मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' या सर्व्हेकडून शिकण्यासारखं खूप आहे. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम संस्थेने २००५ मध्ये तो सुरू केला. मुलासमोर एक कागद, त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, मूल कुठपर्यंत वाचतं ते बघायचं, एकेकट्या मुलाजवळ बसून, त्याच्या घरी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की मुलाची आई शेजारी बसून निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघते, ती शिकलेली नसली तरी तिला कळतं की पोरगं अडखळतंय. आमच्या वस्तीतल्या आयांना 'लर्निंग आउटकम' सांगून काही कळत नव्हतं, 'गोष्ट वाचतो का' विचारलं की लगेच कळतं. मोजमाप असं असावं की ज्याचं मोजलं त्यालाही समजेल.

पण मूल पुढे गेलं ते आपल्यामुळेच गेलं का, हा प्रश्न उरतोच, कारण शाळेत जाणारं मूल आठ महिन्यांत आपल्याशिवायही थोडं शिकतंच. प्रथमच्याच बालसखी कार्यक्रमाचा (बालसखी म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणारी वस्तीतलीच तरुणी) मुंबई आणि वडोदऱ्यात अभ्यास झाला तेव्हा काही शाळांत तिसरीला बालसखी दिली आणि काहींत चौथीला, म्हणजे तुलना करता आली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी ते काम केलं, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम ३९ गावांत केलं, पण मोजणी बाकीच्या ४७ गावांतही केली, जिथे ते काम केलं नव्हतं. त्या गावांशी तुलना करून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्के कमी झाले हे दाखवता आलं, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि पुढे आशाताईंच्या कामात देशभर ती पद्धत आली. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कोणीतरी गावात राहून लिहून ठेवला म्हणून हे झालं. आपल्यासारख्या छोट्या संस्थांना असा अभ्यास झेपणार नाही हे मान्य, पण निदान शेजारच्या वस्तीतल्या वीस मुलांना तोच कागद वाचायला देऊन बघता येतं, आम्ही यंदा ते केलं. फरक होता, पण आम्हाला वाटत होता त्यापेक्षा कमी.

आता फंडर लोकांसाठी, कारण माझ्या यादीत तुम्ही बरेच जण आहात. तुम्ही इम्पॅक्ट मागता, मागायलाच हवा. पण डेटा बघणाऱ्या माणसाचा पगार बजेटमध्ये टाकला की "हे ओव्हरहेड (म्हणजे वरचा ऑफिसखर्च) झालं, ५ टक्क्यांची मर्यादा आहे" म्हणून तो कापला जातो, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितलंय. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, २०२१ च्या नियमांत ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. एखाद्या प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरायचा नाही असं त्या व्याख्येतच लिहिलंय. कृपया एकदा उघडून वाचा. आणि स्वतंत्र मूल्यमापनाची सक्ती आहे ती सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआरची जबाबदारी असलेल्या कंपन्यांना, १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रोजेक्टसाठी, तेही काम पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर. आठ लाखांच्या, दहा महिन्यांच्या वाचनवर्गाकडून 'आयुष्यात झालेला बदल' आकड्यात मागितला की मग लोक आकडे फुगवतात, दुसरं काय करणार.

पुण्यातच एक वेगळं उदाहरण आहे आणि मला ते फार जवळचं वाटतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ ची कचरावेचकांची संघटना. या बायका रोज किती माल गोळा करतात, त्यामुळे महापालिकेचा कचरा वाहून न्यायचा खर्च किती वाचतो, याचा अभ्यास २००१ मध्ये झाला, आणि तो हिशोब घेऊन ही माणसं महापालिकेसमोर उभी राहिली. त्याच सुमारास महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला घेतला, पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्थेबरोबर दारोदारी कचरा गोळा करायचा करार झाला. इथे आकडा कोणाला खूश करायला नव्हता, आपल्या श्रमाची किंमत सांगायला होता, आणि तो ज्यांचा होता त्यांच्याच हातात होता.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्या ताया जमिनीवर गोल बसतात, मध्ये मोठा कागद, त्यावर प्रत्येक वर्गाची मुलं पातळीप्रमाणे. प्रोजेक्टर नाही. प्रत्येकीने फक्त एकच सांगायचं, कुठलं मूल दोन महिने एकाच पातळीवर अडकलंय आणि ते कशामुळे असं तिला वाटतं. पहिल्या दोन-तीन वेळा कोणी बोलायला तयार नव्हतं, सगळ्यांना वाटलं आपली झाडाझडती आहे. मग मी ठरवलं की या कागदावरून कोणाचं मानधन वाढणार-कमी होणार नाही, आणि ते सगळ्यांसमोर सांगितलं. आता इतकं बोलतात की दीड तास पुरत नाही. एक मुलगा अक्षरांवरच अडकला होता, तर त्याला फळा नीट दिसत नाही हे शेजारच्या वर्गाच्या ताईंनी ओळखलं, चष्मा मिळाला.

राहता राहिली ती मधेच गेलेली मुलं. यंदा आमच्या यादीतली बरीचशी कुटुंबं वारजे, कात्रज आणि अप्पर इंदिरानगरकडे गेलीत असं शेजाऱ्यांकडून कळलंय. या भागात कोणी वाचनवर्ग किंवा अभ्यासिका चालवत असाल तर मला इनबॉक्स करा. पालकांना विचारून मुलाची शेवटची पातळी तुमच्याकडे पाठवता येईल, म्हणजे ते मूल तुमच्याकडे आलं तर पुन्हा 'अ' पासून सुरू करायला नको.