नाकाबंदीतून गाडी पळवण्याची किंमत

नागपुरात शनिवारी रात्री वर्धा रोडवर किंवा फुटाळ्याकडून शहरात येणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी दिसली, की गाडीत मागे बसलेला कोणीतरी हमखास म्हणतो, "काई नाई होत बे, काढ गाडी." हा सल्ला मूर्खपणाचा आहे, पण पूर्णपणे निराधार नाही, आणि म्हणूनच त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले. पोलिसांनी हात दाखवल्यावर न थांबणे म्हणजे फार तर मोबाइलवर एक चालान येईल, असा त्यामागचा समज असतो. जिल्हा न्यायालयात वकिली करताना हा समज बाळगणारे तरुण आणि त्यांचे हवालदिल झालेले आईवडील भेटत असतात, आणि तोपर्यंत प्रकरण चालानाच्या पलीकडे गेलेले असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला, तरी "पोलिसांपासून वाहन पळवणे" या नावाचा गुन्हा त्यात सापडत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि परिस्थितीनुसार त्याला तुरुंगवासाची मोठी शिक्षा होऊ शकते. आपल्याकडे कलम ११९ सांगते, की वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाने दिलेले निर्देश चालकाने पाळले पाहिजेत. कलम १३० सांगते, की गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवला पाहिजे. आणि कायदेशीर निर्देश जाणूनबुजून मोडणाऱ्यासाठी कलम १७९ मध्ये दंड आहे, जो २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता आणि आता २,००० रुपयांपर्यंत आहे. मागच्या सीटवरच्या सल्लागाराचे गणित येथपर्यंत बरोबर आहे.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका संदेशाचा येथेच समाचार घेतो. "कलम १३२ नुसार फक्त उपनिरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारीच गाडी थांबवू शकतो, हवालदाराने हात दाखवला तर थांबायची गरज नाही," असे त्यात ठासून लिहिलेले असते. कलम १३२ मध्ये उपनिरीक्षकाचा उल्लेख आहे हे खरे, पण ते कलम वाहनाने अपघात केला असेल, तर थांबून राहण्याच्या कर्तव्याविषयी आहे. नेहमीच्या तपासणीचा प्रश्न ११९ आणि १३० या कलमांत येतो आणि तेथे हुद्द्याची अट नाही, गणवेशाची आहे. अर्धे कलम वाचून पूर्ण गाडी पळवणारे लोक या शहरात कमी नाहीत.

गणित चुकते ते यानंतर, कारण न थांबणे हे एका क्षणाचे कृत्य राहत नाही. शंकरनगर चौकात हात दाखवला, गाडी थांबली नाही, पुढचा लाल दिवा तोडला, उलट्या दिशेने घुसली, की कलम १८४ खालील धोकादायक वाहनचालन झाले. त्यासाठी पहिल्या गुन्ह्यातच सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि कलम २०२ नुसार गणवेशातील पोलिसासमोर हा गुन्हा घडला, तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. सोबत भारतीय न्याय संहितेचे बेदरकार वाहनचालनाचे कलम २८१ येते, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले २७९. बॅरिकेड किंवा पोलिसांचे वाहन ठोकले, तर सार्वजनिक मालमत्तेच्या हानीचा १९८४ चा कायदा लागू होतो, ज्यात पाच वर्षांपर्यंत कारावास आहे.

गाडी समोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या अंगावर गेली, की विषय वाहतुकीचा राहतच नाही. ज्याला आपण सगळे आजही "तीनशे त्रेपन्न" म्हणतो, ते कलम १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १३२ झाले आहे: लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बलप्रयोग. योगायोग असा, की मोटार वाहन कायद्यातील १३२ थांबायला सांगते आणि न्याय संहितेतील १३२ न थांबल्याची किंमत वसूल करते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलिसाला दुखापत झाली, तर कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत झाली, तर किमान एक आणि कमाल दहा वर्षांचा कारावास आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सक्करदऱ्यात वाहतूक पोलिसाला बोनेटवर घेऊन सुमारे अर्धा किलोमीटर गाडी पळवली गेली, तिचे सीसीटीव्ही चित्रण देशभर पाहिले गेले आणि चालकाला अटक झाली. असे कृत्य करणाऱ्याचा हेतू किंवा निदान जाणीव काय होती, या प्रश्नावर सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नापासून थेट खुनाच्या प्रयत्नापर्यंतची कलमे उभी राहतात, आणि खुनाच्या प्रयत्नात इजा झाली असेल, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे सारे ज्या चालानाच्या भीतीने सुरू होते, ते अनेकदा काळ्या काचांचे किंवा सीटबेल्टचे असते.

पळताना तिसऱ्याच माणसाचा जीव गेला, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल न्याय संहितेचे कलम १०६(१) पाच वर्षांपर्यंत नेते, आणि परिणामाची जाणीव असूनही गाडी तशीच हाकली असे दिसले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू होऊ शकते. अपघात करून न कळवता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे १०६(२) हे उपकलम मात्र संहितेच्या बाकीच्या तरतुदींबरोबर लागू झाले नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला याच तरतुदीविरुद्ध झालेल्या ट्रकचालकांच्या संपामुळे नागपुरातल्या पेट्रोलपंपांवर लागलेल्या रांगा ज्यांना आठवत असतील, त्यांना त्याचे कारण वेगळे सांगायला नको.

माझा खरा मुद्दा दारू पिऊन पळणाऱ्याविषयी आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आता विचार करा. जो थांबला, यंत्रात फुंकर मारली आणि न्यायालयात उभा राहिला, त्याला ही शिक्षा होते. जो थांबून फुंकर मारायला नकार देतो, त्याचा तो नकार कलम २०५ नुसार त्याच्याच विरुद्ध पूरक पुरावा ठरू शकतो. पण जो कोणालाही धक्का न लावता हिंगण्याच्या दिशेने सुसाट निघून गेला आणि घरी जाऊन झोपला, त्याच्या रक्तातला पुरावा तासागणिक कमी होत सकाळपर्यंत नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी पोलीस नंबरावरून दारात आले, तर बहुतेक वेळा हातात उरते ते कलम १७९ आणि त्याचा २,००० रुपयांपर्यंतचा दंड. म्हणजे आजचा कायदा थांबणाऱ्याला जास्त आणि यशस्वीपणे पळणाऱ्याला कमी शिक्षा देतो. पळून जाणे हे वर्तन म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६ खाली न्यायालयापुढे आणता येते हे खरे, पण केवळ पळाला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही, ही आपल्या न्यायालयांची जुनी आणि योग्य भूमिका आहे.

ही पोकळी भरण्याचा एक चुकीचा मार्ग पोलिसांनी शोधला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. न थांबलेल्या माणसावर, त्याने कोणालाही हात लावलेला नसला तरी, "अंगावर गाडी घातली" असे लिहून न्याय संहितेचे कलम १३२ लावले जाते. जामिनासाठी धावाधाव होते, घरच्यांची झोप उडते, पण खटल्यात बलप्रयोग सिद्ध करण्याची वेळ आली, की चित्रणात गाडी बाजूने गेलेली दिसते आणि आरोपी सुटतो. यात कायद्याचा धाक राहत नाही आणि न्यायही होत नाही. मधल्या काळात मात्र त्या मुलाला सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा लिहावा लागतो. तो लपवला तर प्रकरण आणखी बिघडते, कारण अशी माहिती दडवणाऱ्या उमेदवाराची निवड नियोक्ता रद्द करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे.

पाठलागाविषयीही बोलले पाहिजे. रात्रीच्या वेळी सीताबर्डीच्या किंवा सदरच्या रस्त्यांवर पोलिसांनी पळणाऱ्या गाडीमागे गाडी घालणे हे बहुतेक वेळा अनावश्यक असते. चौकाचौकांत कॅमेरे आहेत, नंबरावरून मालक सापडतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार त्या वेळी गाडी कोण चालवत होते, हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे. चालक अल्पवयीन निघाला, तर २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ खाली पालक किंवा मालक स्वतः तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाला आणि २५,००० रुपये दंडाला पात्र ठरतो आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. घरातली किल्ली मुलाच्या हातात देणाऱ्या वडिलांनी हे कलम एकदा वाचावेच. अटक करताना बळ वापरण्याची मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे, पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार ते कलम देत नाही; चालान चुकवणारा तर त्यापासून फारच दूर आहे.

तेव्हा स्वतंत्र कलम हवे. यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, असल्यामुळे महाराष्ट्र विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने अशी दुरुस्ती करू शकते, आणि हिवाळी अधिवेशन तर आपल्याच शहरात भरते. गणवेशातील पोलिसाने स्पष्ट इशारा दिल्यावर जाणूनबुजून वाहन पळवणे, एवढीच त्या गुन्ह्याची व्याख्या असावी. शिक्षा कलम १८५ पेक्षा कमी नसावी, म्हणजे दारू लपवण्यासाठी पळणे फायद्याचे ठरणार नाही. परवाना ठरावीक काळासाठी निलंबित व्हावा आणि हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटवता येऊ नये. त्याच कलमात एक परंतुकही, म्हणजे अपवाद, असले पाहिजे. आउटर रिंग रोडवर रात्री अकरा वाजता साध्या कपड्यांतील चौघे गाडीला हात दाखवतात, तेव्हा एकट्या स्त्रीने तेथे थांबावे अशी अपेक्षा कोणताही कायदा करू शकत नाही. अशा वेळी जिने वेग कमी केला, इंडिकेटर लावले, ११२ ला कळवले आणि गाडी जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत किंवा उजेडातल्या पेट्रोलपंपापर्यंत नेऊन थांबवली, ती पळाली असे कोणत्याही परिस्थितीत मानले जाऊ नये.