चीनमध्ये नवरा पैसे देतो, म्हणून तिथे मुलीला मान आहे?

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘चीनमध्ये हुंडा नसतो. नवराच मुलीच्या घरी पैसे पोचवतो, कारण तिथे मुलीची किंमत कळते. सरकारचाही याला पाठिंबा आहे. नवरीला कुणापुढे वाकावं लागत नाही.’ हुंड्याविरुद्ध जरूर बोलावं, पण खोट्याच्या आधाराने कशाला?

हुंडा नसतो, हे अर्धवट आहे. नवऱ्याकडून जाणारी रक्कम म्हणजे त्साय-ली, आपल्याकडे अनेक जातीजमातींत असलेल्या देजासारखी. पण मुलीकडूनही आंदण जातंच: रजया, भांडीकुंडी, दागिने, आता गाडीसुद्धा. काही घरांत त्साय-ली आंदणाबरोबर जोडप्याकडेच परत येते, तर काही घरांत मुलीच्या भावाच्या लग्नासाठी राखून ठेवतात.

सगळ्यात खटकतो तो ‘किंमत कळते’ हा भाग. हे आकडे फुगले कशाने? मुलगाच हवा म्हणून मुलींचे गर्भ पाडले गेले, त्यात एक-अपत्य धोरणाची भर पडली. २०२० च्या जनगणनेत पुरुष स्त्रियांपेक्षा जवळपास साडेतीन कोटींनी जास्त निघाले. खेड्यातल्या गरीब पोरांना बायको मिळेना, तसे भाव चढत गेले. मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत म्हणून चढलेल्या भावाला मान म्हणायचं?

आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताकडची जुनी चाल बघा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरी माहेरी जाते, तेव्हा नवऱ्याकडून अख्खं भाजलेलं डुक्कर यायचं, तांबूस, कुरकुरीत कातडीचं. नवरी कुमारिका होती, याची ती सासरने दिलेली पावती. माहेरचे मधलं मांस ठेवून डोकं आणि शेपटीकडचा भाग परत पाठवायचे. डुक्कर आलंच नाही, तर माहेरची नाचक्की. आज अनेक घरांत ते निव्वळ हौसेने येतं, पण मूळ हे असं आहे.

सरकारी पाठिंब्याचं तर अगदी उलट आहे. लग्नाच्या नावाखाली पैसे किंवा वस्तू उकळायला १९५० च्या विवाह कायद्यानेच बंदी घातली. २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेतही ती कायम आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून सर्वोच्च न्यायालयाचे नवे नियम आले. जोडपं थोडाच काळ एकत्र राहिलं आणि रक्कम अवाजवी असली, तर नोंदणी झालेल्या लग्नातही काही भाग परत करायला कोर्ट सांगू शकतं. घटस्फोटाच्या नव्हे, पण ठरलेलं लग्न मोडल्याच्या दाव्यात मुलाचे आईबापही उतरू शकतात, कारण आयुष्यभराची पुंजी बहुधा त्यांचीच गेलेली असते.

राहिलं वाकणं. चहाच्या विधीत नवरी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून किंवा वाकून, दोन्ही हातांनी कप पुढे करते. चहात अनेकदा वाळवलेली लाल बोरं आणि कमळबिया असतात. घोट घेऊन मोठी माणसं लाल पाकीट किंवा सोनं देतात. पण नवराही तिच्या शेजारीच गुडघे टेकतो, आणि आता बहुतेक ठिकाणी नवरीच्या आईवडिलांनाही तसाच चहा दिला जातो. चीनकडून काही घ्यायचंच असेल, तर जावयाने सासूसासऱ्यांपुढे असं वाकणं घ्या.