मुंबई–लंडन: लंडन विमानाकडे सरकत येत नाही

व्हॉट्सॲपवर एका तिकिटाचा फोटो फिरतोय. मुंबई दुपारी 1, लंडन संध्याकाळी 5.30, म्हणजे साडेचार तास. परतीचं लंडन रात्री 9, मुंबई सकाळी 11.30, म्हणजे साडेचौदा तास. कारण म्हणे पृथ्वी पूर्वेकडे फिरते: जाताना लंडन विमानाकडे येतं, येताना मुंबई पुढे पळते. वर शेपूट असं, की कंपन्या मुद्दाम वळसा घालतात आणि आठ तासांचे दहा करतात.

आधी वजाबाकी. तिकिटावर त्या त्या शहराची वेळ छापतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. हे तिकीट हिवाळ्याचं धरलं तर जाताना 10 तास आणि येताना 9. म्हणजे लंडन ‘जवळ येत’ असूनही जायलाच तासभर जास्त लागतो!

पृथ्वीसोबत हवाही फिरते, आणि विमान धावपट्टीवर असल्यापासूनच त्या वेगात असतं. मुंबईच्या अक्षांशावर तो वेग ताशी सुमारे 1,580 किमी. विमान हवेत गेलं की हा वेग सुटत असता, तर पावसाळ्यात उतरायला जागा मिळेपर्यंत मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालणाऱ्या विमानाखाली अरबी समुद्र आला असता, आणि तासाभरात ओमानचा किनारा. ती विमानं मुंबईतच उतरतात.

तासाचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. (त्याची दिशा पृथ्वीच्या फिरण्यामुळे ठरते, फॉरवर्डमध्ये खरं निघालंच तर एवढंच.) अंतर सुमारे 7,200 किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी 900. सरासरी 70 चा वारा समोरून असेल तर 8 तास 40 मिनिटं, पाठीमागून असेल तर 7 तास 25.

वळसा? सपाट नकाशावरची सरळ रेघ गोलावर 200 किमीने लांब पडते. सर्वांत जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते आणि तिचा मध्य आर्मेनिया-जॉर्जिया सीमेपाशी येतो. पण तीही पूर्ण मोकळी नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. ही दुसरी बंदी परदेशी कंपन्यांना नाही, म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांची वेळ वेगळी दिसू शकते. हा वळसा कंपनीला परवडत नाही, इंधन तिच्याच खिशातून जळतं.

राहिले आठाचे दहा. वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दीच्या वेळी उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागतात. ही मिनिटं 900 ने भागाकार करून निघत नाहीत.