तडे आणि पाणी, दोन्हींचं मूळ कामाच्या आठवड्यातच असतं

काँक्रीट रस्त्याला वर्षभरात तडे आणि पहिल्याच पावसात सोसायटीत पाणी, या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. पाणी शिरतं ते बऱ्याचदा जुनं डांबर न खोदता त्यावरच काँक्रीट ओतल्यामुळे. रस्ता उंचावतो, फाटक खाली राहतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच महापालिकेच्या अभियंत्याकडून फाटकाच्या आणि गटाराच्या पातळ्या लिहून घ्या. ७ मीटर रुंद रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे २ टक्के उतार म्हणजे मध्य कडेपेक्षा ७ सेंमी उंच. दोरी ताणून कोणीही मोजू शकतो.

तडे बऱ्याचदा सांधे (काँक्रीटमध्ये मुद्दाम कापलेल्या आडव्या खाचा) उशिरा कापल्याने पडतात. साधारण ४.५ मीटरवर, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल काप काँक्रीट कडक होताच, उन्हाळ्यात तर काही तासांतच, घ्यावा लागतो. उशीर झाला की काँक्रीट स्वतःच वाट्टेल तिथे फाटतं. शिवाय काँक्रीट ओलं राहावं म्हणून त्यावर किमान १४ दिवस ओली गोणपाटं हवीत. उद्घाटनाच्या घाईत नेमके हेच दिवस कमी केले जातात, याचा खरंच राग येतो.

नुसत्या तक्रार अर्जाऐवजी माहिती अधिकारात (शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस) मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), २८ दिवसांचे घन चाचणी अहवाल (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीची तपासणी) आणि दोषदायित्व कालावधी (कंत्राटदार दोषांना जबाबदार असतो ती मुदत) संपण्याची तारीख मागा. त्या तारखेच्या आत लेखी कळवलं तर दुरुस्ती कंत्राटदाराला स्वतःच्या खर्चाने करून द्यावी लागते.