१९४० च्या आगीत १९४३ च्या नोंदी कशा जळतील?

माझी धाकटी बहीण लग्नानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाली. तिचे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावर वायरलेस ऑपरेटर होते आणि १९४३ मध्ये एका मोहिमेवरून परतले नाहीत. दोन वर्षे ती त्यांची माहिती चिकाटीने जमवत होती. गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश वाचून तिने तो शोध सोडून दिला. संदेशात म्हटले आहे की, हवाई दलाच्या सर्व नोंदी १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बवर्षावात जळाल्या, उरलेल्या शंभर वर्षांसाठी बंद आहेत, ज्याची कबर नाही त्याची नोंदही नाही, आणि म्हणून 'आतली ओळख' असलेल्या संशोधकाला पैसे देण्यावाचून कुटुंबांना मार्ग नाही.

आगीचा मुद्दा तर निव्वळ तारखांवरच कोसळतो. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवरील कागदपत्रांच्या कोठाराला आग लागली हे खरे. परंतु तेथे जळाली ती मुख्यतः पहिल्या महायुद्धात लढलेल्या भूदलाच्या सैनिकांची सेवापत्रके. लँकेस्टरची पहिली मोहीमच मार्च १९४२ मधली आहे. जे विमान तोवर युद्धात उतरलेच नव्हते, त्याच्या मोहिमांच्या नोंदी दीड वर्ष आधी जळाल्या असे लिहिणाऱ्याने आणि ते पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर तरी विचार करायला हवा होता. प्रत्येक स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची तुकडी, आपली मोहीम-नोंदवही ठेवत असे. तिच्या फॉर्म ५४० वर दिवसभराच्या घडामोडी असत. फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाचा तपशील, म्हणजे विमानाचा क्रमांक, लँकेस्टर असल्यास सहसा विमानातील सातही जणांची नावे, निघण्याची आणि उतरण्याची वेळ. न परतलेल्या विमानापुढे उतरण्याची वेळ नसते. उड्डाणानंतर काहीही कळले नाही, एवढेच अनेकदा लिहिलेले आढळते. या वह्या लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'एआयआर २७' या मालिकेत आहेत.

काही कागद खरोखर नष्ट झाले, हे मान्य करावे लागेल. फ्रान्समधून १९४० मध्ये माघार घेताना काही स्क्वाड्रनच्या वह्या गेल्या, आणि कोणी मागून न नेलेली वैमानिकांची वैयक्तिक लॉगबुके १९६० च्या सुमारास, थोडे नमुने राखून, नष्ट करण्यात आली. पण त्यावरून 'सर्व नोंदी' गेल्या असे ठरत नाही.

शंभर वर्षांच्या बंदीचे म्हणणेही टिकत नाही. व्यक्तिगत सेवापत्रकांवर काही निर्बंध आहेत, पण महायुद्धाच्या बहुतांश नोंदी १९७२ मध्येच खुल्या झाल्या. कबरीविषयीचे विधान तर क्रूर आहे, कारण ज्यांची कबर सापडली नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

मला सर्वाधिक संताप येतो तो पैशांच्या सल्ल्याचा. क्यू येथे वाचकपत्र विनामूल्य मिळते आणि मूळ कागद तेथे बसून वाचण्यास पैसे पडत नाहीत. जीवितहानीच्या फायलींची 'एआयआर ८१' ही मालिका टप्प्याटप्प्याने खुली होत आली आहे. तीत कुटुंबाशी झालेला पत्रव्यवहारही असतो. अशा कागदांसाठी दुःखी माणसांकडून 'आतल्या ओळखीचे' पैसे घेणे ही फसवणूक आहे.

बहिणीला मी एवढेच कळवले आहे, की युद्धात मरण पावलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या विनामूल्य यादीतून आजेसासऱ्यांचा सेवाक्रमांक, स्क्वाड्रन आणि मृत्यूची तारीख घे, त्याच तारखेची त्याच स्क्वाड्रनची इतर नावे उतरवून ठेव, आणि मग त्या महिन्याचा फॉर्म ५४१ उघड.