होंडा सिटी मागच्या सीटवरून पाहा

फॅमिली कारचा विषय निघाला की पोट्टे पहिले पिकअप विचारतात, मग टचस्क्रीन, मग सनरूफ. मागे कोण बसणार, किती तास बसणार, मे महिन्यात बसणार का, हे कोणीच विचारून नाही राहिलं. नागपुरात तर हाच पहिला प्रश्न पाहिजे न भाऊ. घरच्या गाडीत आई, बाबा, लेकरं सगळे मागेच बसतात. म्हणून होंडा सिटीच्या भारतातल्या पाचही पिढ्यांबद्दल माझं मत मी मागच्या सीटवरून लिहून राहिलो.

सिटी मुळात सेडान, म्हणजे मागे वेगळी डिक्की असलेली गाडी, नव्हतीच. १९८१ ची जपानमधली सिटी म्हणजे छोटी, उंच हॅचबॅक. आपण ओळखतो ती सेडान १९९६ मध्ये थायलंडला आली, खास आशियातल्या बाजारासाठी, होंडाच्याच जुन्या सिव्हिक गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बनवलेली, आणि भारतात १९९८ च्या जानेवारीत. २००० मध्ये तिला १०६ बीएचपी पॉवरचं व्हीटेक इंजिन (जोरात फिरलं की जास्त ताकद देणारं) मिळालं आणि त्या इंजिनावर आजही लोक जीव टाकतात. इंजिन जबरदस्तच होतं, त्यात वाद नाही. पण गाडी बुटकी, सीट खाली, म्हाताऱ्या माणसाला मागून उतरायचं म्हणजे कोणीतरी हात द्यायला पाहिजे. चालवणाऱ्याची गाडी होती ती.

मग २००३ ची आली आणि गाडीवेड्या लोकांनी नाकं मुरडली. शंभरच्या वरून पॉवर एकदम ७७ बीएचपीवर, वरून दिसायला उंच, फुगीर, समोरून आखूड. मला विचाराल तर पाचही पिढ्यांमधी सगळ्यात जास्त डोकं याच गाडीत लावलेलं आहे. पेट्रोलची टाकी मागून काढून पुढच्या सीटखाली नेली, त्यामुळे मागचा सगळा फ्लोअर मोकळा झाला. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५०० मिलिमीटरवरून २४५० वर आला, म्हणजे कागदावर गाडी कमी झाली, पण मागे बसून पाहा, पाय पसरायला आधीपेक्षा जास्त जागा, डोक्यावर जागा, सीट उंच असल्यामुळे गुडघे पोटात येत नाहीत, आणि डिक्की तर अशी की लग्नाच्या बॅगा सगळ्या आत. या गाडीचं आय-डीएसआय इंजिनही लोकांनी नीट समजून घेतलं नाही. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि १२८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, २७०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळायचा, म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीत तिसऱ्या गिअरवर गाडी निवांत ओढायची. घरच्या गाडीला रोज लागते ती हीच ताकद, ६००० आरपीएमला मिळणारी पॉवर वर्धा रोडवर कितीदा वापरणार तुम्ही? नंतर व्हीटेक परत आलं ते वेगळं.

२००८ ची दिसायला सगळ्यात देखणी, अजूनही. पॉवर ११८ पीएस (बीएचपीसारखंच माप), व्हीलबेस २५५०. पण मागे एसीचे व्हेंट नव्हते, आणि ४५ डिग्रीत बंद उभ्या गाडीत बसल्यावर पुढची थंड हवा मागे पोहोचेपर्यंत मागचा माणूस घामाने भिजतो. डिझेलही नव्हतं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेल स्वस्तच राहिलं, २०११ ला ह्युंदाईची नवी व्हर्ना डिझेल घेऊन आली आणि सिटीचे गिऱ्हाईक तिकडे गेले. साहजिक होतं ते.

२०१४ मध्ये मागे व्हेंट आले, डिझेलही आलं. मी तर म्हणतो आपल्या विदर्भासाठी या गाडीच्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी सुधारणा, डिझेलपेक्षाही मोठी. व्हीलबेस २६०० झाला, मागची जागा वरच्या क्लासच्या गाड्यांना टक्कर देईल अशी. डिझेल आवाज करायचं, पण २०० न्यूटन मीटर टॉर्क आणि अ‍ॅव्हरेज एवढं की आवाज माफ. चुकलं ते एकच, एसीचे बटन काढून टच पॅनल दिलं. चालत्या गाडीत रस्त्यावरची नजर काढून काचेवर बोट फिरवायचं, हे कोणी आणि का ठरवलं असेल! २०२० च्या गाडीत गोल नॉब परत आले, आणि कंपनीने हे मागे घेतलं याचं मला खरंच कौतुक आहे, फार कमी कंपन्या असं करतात.

२०२० ची ४५४९ मिलिमीटर लांब आणि आधीच्यापेक्षा ५३ मिलिमीटर रुंद. पाच सेंटिमीटर म्हणजे काय ते मागे तिघं बसले की कळते. २०२२ चं हायब्रिड इंजिनीअरिंग म्हणून फारच सुंदर, शहरात बहुतेक वेळ इंजिन फक्त वीज बनवते अन् चाकं मोटर फिरवते, हायवेला इंजिन सरळ चाकांना जोडल्या जाते. पण बॅटरीने डिक्की खाल्ली, ५०६ लिटरवरून ३०६. चार माणसांनी समृद्धीवरून शिर्डीला जायचं तर सामान कुठे ठेवायचं?

आता एसयूव्हीवाले म्हणतील आईचे गुडघे दुखतात, उंच गाडीत बसणं सोपं पडते. बरोबर आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर खुशाल उंच गाडी घ्या, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण नुसती फॅशन म्हणून घेत असाल तर समृद्धीवर १२० ने जाताना बुटकी सेडान रस्त्याला कशी धरून असते, मागचा माणूस किती कमी हलतो, ते एकदा अनुभवा.

आणि राग आहे तो टॅक्सचा. सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, आणि सिटीला ४० टक्के. आधी सेस, म्हणजे वरचा जास्तीचा कर, धरून ४५ होता, म्हणजे कमी झाला, तरी फरक केवढा! त्या वाढीव अर्ध्या मीटरमधी काय आहे? मागच्या माणसाचे पाय आणि घरच्यांच्या बॅगा. म्हणून कंपन्या गाडी ३९९५ मिलिमीटरला कापतात, छत उंच करून तिला एसयूव्ही म्हणतात, आणि कापल्या जाते ती डिक्की नाहीतर मागची सीट.