परीक्षक झोपले नव्हते, मी बघत होते

आमच्याकडच्या एका नाट्यस्पर्धेचा निकाल परवा लागला. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. पत्रक व्हॉट्सॲपवर पडतंय न पडतंय तोच पहिला मेसेज, "सगळा सेटिंग हा." त्याखाली अंगठ्यांची रांग. पाठोपाठ, "परीक्षक दुसऱ्या अंकात डुलक्या काढी होते." मग कुणीतरी पहिल्या आलेल्या संस्थेच्या दिग्दर्शकाचा एका परीक्षकाबरोबरचा जुना सेल्फी शोधून काढला आणि कुडाळपासून देवगडपर्यंतचे नाट्यरसिक मध्यरात्र उलटेपर्यंत जागे.

परीक्षक झोपले नव्हते हो. मी त्यांच्या बरोब्बर मागच्या रांगेत होते. उलट त्यातले एक गृहस्थ सारखे खाली मान घालून लिहीत होते, इतके की हे नाटक बघतात कधी, असं मला वाटत राहिलं. आणि सेल्फीचं म्हणाल तर कोकणात नाटक करणाऱ्या माणसाची दुसऱ्या नाटकवाल्याशी ओळख नसणं हीच खरी संशयाची गोष्ट.

निकाल मला पटलाय असं मात्र समजू नका. पहिलं आलेलं नाटक वाईट नव्हतं. अंधारातून येणारा एकच प्रकाशझोत, स्मृती गेलेला बाप, अपराधी मुलगा, मध्ये मध्ये लांबलचक शांतता. नीट बसवलेलं, तालमी भरपूर झाल्यात हे दिसणारं. ठीक आहे, घ्या नंबर. माझं दुखणं अभिनयाच्या यादीत आहे. एका मालवणी नाटकात म्हातारीचं काम करणारी बाई त्या यादीत नाही. रौप्यपदक सोडाच, साधं गुणवत्ता प्रमाणपत्रही नाही.

ज्यांनी ते नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिच्या वाट्याला वाक्यं फार नव्हतीच. ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायचं आणि मुलगा-सुनेच्या भांडणात मध्येच "होय तर" एवढंच म्हणायचं. पहिल्या अंकात ती चार-पाच वेळा "होय तर" म्हणाली आणि प्रत्येक वेळी थिएटर फुटलं, कारण प्रत्येक वेळचं "होय तर" निराळं होतं. एकदा सुनेची खोड काढणारं, एकदा नुसतं जांभईसारखं, एकदा मुलाला "गप बस मेल्या" असं बजावणारं. दुसऱ्या अंकात मुलगा सांगतो की कलमांची बाग विकायचं ठरवलंय, मुंबईची पार्टी उद्या येतेय. बाईचे हात सुपात चालूच. मान वर नाही. आणि ती म्हणते, "होय तर." लोक सवयीने हसायला लागले आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं. माझ्या शेजारचे काका "ह्याँ" असा काहीतरी आवाज करून गप्प झाले. साताठशे माणसांचं हसू दोन शब्दांवर थांबवायचं, तेही आवाज न चढवता, म्हणजे काय काम आहे हे ज्याने एकदा तरी तोंडाला रंग लावलाय त्याला विचारा.

मग तिला काहीच का नाही? मला सेटिंगबिटिंग वाटत नाही. मला वाटतं, परीक्षकांना ते काम दिसलंच नाही. गंभीर नाटकातल्या नटाचे कष्ट दिसतात. तो रडतो, थरथरतो, गुडघ्यावर पडतो, त्याच्या गळ्याच्या शिरा शेवटच्या रांगेतूनही मोजता येतात. विनोदी काम जितकं चांगलं जमेल तितकं ते काम वाटेनासं होतं. लोक म्हणतात, "ती बाई घरी पण तशीच असेल." त्यात भाषा मालवणी असली की संपलंच. प्रमाणभाषेत बोलला तर अभिनय आणि मालवणीत बोलला तर "बोलीचा गोडवा". परीक्षकांच्या मनोगतात हा गोडवा दर वर्षी येतो, पदकांच्या यादीत मला अजून दिसायचाय.

याच मालवणीने काय केलंय ते या लोकांना ठाऊक नसेल असं नाही. 1980 मध्ये रंगमंचावर आलेल्या 'वस्त्रहरण'चे 5000 हून जास्त प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच ज्यांना मालवणीतला एक शब्द येत नव्हता त्यांनीही डोक्यावर घेतला. तिकीट काढून येणारा माणूस विनोदाला कमी मानत नाही. पेन घेऊन बसलेला माणूस मानतो. का, तर हसताना लिहिता येत नाही म्हणून असेल कदाचित.

आता जरा खोलात जाऊ. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे आणि गावोगावच्या स्पर्धांनी बहुतेक तिचेच रकाने उचललेत. निर्मिती, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनय. या रकान्यांतून आपला दशावतार, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघा. दिग्दर्शक नाही. लिहिलेली संहिता नाही, संध्याकाळी आख्यान ठरतं आणि रात्री नट आपापले संवाद रंगमंचावर रचत जातात. नेपथ्य म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. रंगभूषा ज्याची त्याने आरशात बघून केलेली. जत्रेत पालखी फिरून झाल्यावर गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर असं आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) होऊन आख्यान सुरू होणार आणि उजाडताना दहीकाला. रात्रभर शेतात, देवळाच्या आवारात, थंडीत गोधड्या पांघरून बसलेल्या माणसांना जागं ठेवायचं. स्त्रीपार्ट करणारा नट पदर सावरत सवतीशी भांडतो तेव्हा म्हाताऱ्या बायका त्याची बाजू घेऊन पुढे सरकतात. कुठल्या रकान्यात बसवणार हा माणूस?

तुम्ही म्हणाल, दशावतार स्पर्धेत उतरत नाही, मग प्रश्न कुठे आला? इथे आला, की स्पर्धेत उतरणारी आपली अर्धी पोरं दशावतार बघत वाढलीत. त्यांचा आवाज मैदानाला पुरेल असा घडलाय. वाक्य विसरलं तर ती थबकत नाहीत, जागच्या जागी नवं रचतात. समोर एखादं पोर रडलं तर त्यालाही संवादात ओढून घेतात. परीक्षक म्हणतात "आवाजावर नियंत्रण नाही, संहितेबाहेर गेले." आपल्याकडे ज्याला नट म्हणतात त्याची ही लक्षणं आणि तिथे त्याच गोष्टींचे गुण कापले जातात. सगळाच आरडाओरडा चांगला असं मी म्हणत नाही, कानठळ्या बसवणारे मीही पाहिलेत. पण कमी आवाज म्हणजे जास्त अभिनय, हे गणित कुणी ठरवलं?

तिकडे न्यूयॉर्कातही हेच रडगाणं आहे. टोनी पुरस्कार 1947 पासून दिले जातात, ब्रॉडवेच्या 41 नाट्यगृहांतल्या नाटकांपुरते. त्यांनी ध्वनिसंयोजनाचं पारितोषिक 2008 मध्ये सुरू केलं, 2014 मध्ये काढून टाकलं. बऱ्याच मतदारांना हे काम जोखायचं कसं तेच कळत नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. ओरड झाली, आणि 2017-18 च्या हंगामापासून ते परत आलं. म्हणजे कळत नाही म्हणून रकानाच पुसला होता! आपल्याकडे निदान पुसायची वेळ येत नाही, कारण आधी आखलेलाच नसतो.

आणि अभिनेत्री-गायिका ज्युली अँड्र्यूज. 1996 मध्ये 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' या संगीतिकेतून फक्त तिला एकटीला टोनीचं नामांकन मिळालं, बाकी सगळी मंडळी कोरडी. बाईंनी दुपारचा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरूनच सांगून टाकलं की मला हे नामांकन नको, मी वगळलेल्यांच्या बाजूला उभी राहणार. (दिग्दर्शक तिचा नवराच होता, त्यामुळे रागात थोडा घरचा मसालाही असणार.) पुरस्कार त्या वर्षी दुसरीला गेला, पण आज त्या हंगामाची गोष्ट निघाली की लोक तिचं नाव आधी घेतात.

पण मला यातलं वेगळंच काहीतरी उचलावंसं वाटतं. तिला नकार देता आला, कारण निकालाआधी नामांकनं जाहीर झाली होती. तिथे यादी लागते आणि पुरस्कार काही आठवड्यांनी, जूनमध्ये. मधल्या काळात नाटकवेडे अक्षरशः तुटून पडतात. हिला का घेतलं, त्याला का वगळलं, अमक्याचा दुसरा अंक, तमक्याची प्रकाशयोजना. भांडण कामावर होतं. आपल्याकडे थेट निकाल पडतो. पहिला, दुसरा, तिसरा, खाली प्रमाणपत्रांची नावं आणि शेवटी परीक्षक म्हणून यांनी काम पाहिलं, संपलं. कारण एका ओळीचंही नाही. मग माणसं भांडणार कशावर? कामाबद्दल बोलायला जागाच ठेवली नाही तर ती हेतूंबद्दलच बोलणार. सेल्फी शोधणार.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला. मला तो निर्णय कठोर वाटला होता, अजूनही वाटतो. कॉलेजच्या पोरांना दर्जाचा धडा द्यायला रिकामा करंडक कशाला? पण त्या गदारोळात एक बरं होतं. भांडण कशावरून आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एकांकिकेत काय असलं म्हणजे ती करंडकाच्या लायकीची, यावर लोक आठवडाभर बोलले. आपण आठवडाभर कोण कुणाचा मेव्हणा यावर बोलतो.

म्हणून आयोजकांना माझं सांगणं साधं आहे. शेवटचं नाटक झालं की प्रत्येक रकान्यात पाच नावं जाहीर करा. निकाल आठ दिवसांनी द्या. आणि परीक्षकांना एक सकाळ जास्त थांबवून घ्या, कलाकारांसमोर बसवा, बोलतं करा. आमची कोकणकन्या सुटते हे कारण दर वर्षी ऐकतो. गाडी दुसऱ्या दिवशीही असते. राहायची सोय होईल, सकाळी घावने-चटणीही मिळेल, त्याची जबाबदारी मी घेते. परीक्षकांना हे अडचणीचं वाटेल हे मला कळतं, पण ज्या पोरांनी नोकरी सांभाळून दोन महिने रात्रीच्या तालमी केल्या त्यांना आपला अभिनय कुठे कमी पडला हे पत्रकावर न सापडणं त्याहून जास्त अडचणीचं आहे.

आणि आपल्या मंडळींनाही एक विचारायचंय. परवा निकालावर सर्वांत जास्त बोलणाऱ्यांपैकी किती जण आपलं नाटक झाल्यावर रंग उतरवून दुसऱ्यांचं बघायला थांबले? सभागृहात मला तरी ठरावीक चेहरेच दिसत होते. काही संध्याकाळी आम्ही प्रेक्षक पुढच्या चार रांगांत मावत होतो.

तर यंदाची नामांकनं आपणच काढू. कमेंटमध्ये प्रत्येक रकान्यात पाच नावं द्या, पात्राचं नाव चालेल, आणि पुढे एक ओळ, का ते. जी नाटकं पूर्ण पाहिलीत त्यांतलीच द्या. स्वतःच्या संस्थेचं एकच. विनोदी भूमिकांसाठी वेगळा रकाना हवा का, यावर घरातच दोन मतं पडलीत. माझं मत नको असं आहे, त्याच यादीत घ्या, त्याच पदकासाठी. माझी यादी पहिल्या कमेंटमध्ये टाकलीय. अभिनयात पाच झाले, नेपथ्यातही झाले, प्रकाशयोजनेत तिसऱ्या नावाला अडलेय.